मोटारसायकलचे इंजिन ऑइल: पातळी नेमकी कशी पाहावी आणि कमी-जास्त झाल्यास काय करावे

स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या मोटारसायकलच्या इंजिनात सगळे मिळून एक लिटरच्या आसपास ऑइल मावते. चारचाकीत ते तीन-चार लिटर असल्यामुळे तिथे पाव लिटर कमी झाले तरी इंजिन काही काळ सांभाळून घेते. दुचाकीत मात्र तेवढेच पाव लिटर म्हणजे एकूण साठ्याचा चौथा हिस्सा होतो. तरीही पेट्रोलचा काटा दिवसातून दहा वेळा पाहणारे आपण ऑइलची काडी (पातळी मोजण्यासाठी वरची आणि खालची अशा दोन खुणा असलेली डिपस्टिक) सहा-सहा महिने बाहेर काढत नाही, आणि काढली तरी बहुतेक वेळा ती चुकीच्या पद्धतीने वाचतो. या लेखात मला मुख्यतः त्या वाचण्याबद्दलच सांगायचे आहे. ऑइल ओतणे कोणालाही जमते. पण किती ओतायचे हे ठरवणारे मापच चुकले, तर ओतलेले ऑइल इंजिनाला उपयोगी पडण्याऐवजी त्रास देऊ लागते.

आधी हे ऑइल करते काय, ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच ऑइल असते. मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात, त्या इंजिनाच्या खालच्या भागात ते साठलेले असते. तिथून एक छोटा पंप ते जाळीतून ओढतो आणि क्रँककडे (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) व थेट वर हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यातल्या, कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पोहोचवतो. काम झालेले ऑइल आपल्याच वजनाने पुन्हा खाली झिरपते. घर्षण कमी करणे हे त्याचे काम सर्वांना ठाऊक असते, परंतु हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तितकेच मोठे दुसरे काम असते ते उष्णता वाहून नेण्याचे. पिस्टन आणि हेडपाशी तापलेले ऑइल खाली येऊन चेंबरच्या भिंतींना आपली उष्णता देते आणि त्या भिंती समोरून येणाऱ्या वाऱ्याने निवतात. मे महिन्यात मराठवाड्यात चाऱ्याचे ओझे लादून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला हा वाराही पुरेसा मिळत नाही. अशा वेळी ऑइलचा साठा जितका कमी, तितकी त्याच ऑइलाला विसावा न मिळता पुन्हा पुन्हा वर जावे लागते, आणि ते लवकर पातळ होते व लवकर खराब होते.

टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात ही काळजी वेगळ्या स्वरूपाची होती. चेतक स्कूटरमध्ये पेट्रोल भरतानाच टूटी ऑइल मिसळले जाई आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाई, त्यामुळे इंजिनात ऑइलची पातळी पाहण्याचा प्रश्नच येत नसे. घरातल्या वडीलधाऱ्यांची गाडीची शिस्त कितीही उत्तम असली, तरी काडी पाहण्याची सवय त्यांच्याकडून आपल्याकडे आली नाही, याचे एक कारण मला हेच वाटते.

पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली, म्हणजे इंजिन त्याच क्षणी बंद पडते असे नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे. सपाट रस्त्यावर पंपाच्या तोंडाशी पुरेसे ऑइल असते. पण चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ते मागे-पुढे सरकते आणि पंप ऑइलाबरोबर हवाही ओढू लागतो. पंपापासून सर्वांत दूर असलेला भाग म्हणजे हेड, त्यामुळे पहिली झीज कॅम आणि रॉकरची, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेची, होते आणि वरून टिकटिक असा कोरडा आवाज येऊ लागतो. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) सेट करूनही तो आवाज राहिला, तर नुकसान होऊन गेलेले असते. बहुतेक लहान गाड्यांना ऑइल कमी झाल्याचे सांगणारा दिवा नसतो, म्हणून काडीखेरीज दुसरी कोणतीही सूचना वेळेवर मिळत नाही.

जास्त ऑइल भरण्याच्या बाबतीत मात्र लोक फारच निर्धास्त असतात. चार थेंब जास्त पडले तर चांगलेच, हा समज इतका पक्का आहे की गॅरेजमध्येही तो ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी की मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेणारा क्रँक ऑइलाच्या पृष्ठभागाच्या वर राहावा, अशा बेताने पातळीची वरची खूण ठरवलेली असते. ऑइल त्याच्याही वर आले, की क्रँक ते रवीसारखे घुसळू लागतो. घुसळण्यात ताकद वाया जाते, ऑइल तापते आणि त्याला फेस येतो. फेसात हवा असते आणि हवेने ना वंगण होते ना उष्णता वाहून जाते, त्यामुळे ऑइल जास्त असूनही परिणाम ऑइल कमी असल्यासारखाच होतो. शिवाय इंजिनाच्या आतील वायू बाहेर पडण्यासाठी जी ब्रीदरची नळी असते, ती बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते. फेसाळलेले ऑइल त्या नळीतून वर चढते आणि फिल्टर भिजवते.

हे मी स्वतःच्या गाडीवर अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी कराडहून चिपळूणला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी घाईत एका गॅरेजमध्ये ऑइल तपासून घेतले. गाडी साइड स्टँडवर होती, काडीच्या टोकाला ऑइल लागले नाही, म्हणून कारागिराने बाटली उपडी केली आणि मीही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाटात गाडी तिसऱ्या गिअरला ओढेनाशी झाली आणि मागून निळसर धूर दिसू लागला. चिपळूणला पोहोचल्यावर एअर फिल्टरचे झाकण काढले, तर फिल्टर ऑइलने चिंब झालेला होता आणि डब्याच्या तळाशी तपकिरी रंगाचे थारोळे साचले होते. गाडी सरळ उभी करून काडी पाहिली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या बरेच वर होते. पन्नास मिलीच्या सिरिंजने चार वेळा ऑइल काढले, तेव्हा ते खुणेवर आले. म्हणजे मुळात गाडीत ऑइल पुरेसे होते. चूक फक्त स्टँडची होती.

स्टँडमुळे एवढा फरक कसा पडतो, हे साध्या हिशेबाने समजते. चेंबरमधल्या ऑइलाचा पृष्ठभाग नेहमी जमिनीशी समांतर राहतो, गाडी कशीही उभी असो. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि ऑइलही डावीकडे जमा होते. स्प्लेंडरच्या रचनेत काडी उजव्या बाजूला आहे. समजा ती गाडीच्या मध्यरेषेपासून आठ सेंटीमीटर उजवीकडे आहे आणि गाडी दहा अंशांनी कलली आहे, तर काडीपाशी ऑइलाची पातळी जवळपास १.४ सेंटीमीटरने खाली गेलेली दिसेल. काडीवरच्या दोन खुणांमधले अंतर पाहा, ते बोटाच्या पेराएवढेही नसते. म्हणजे नुसत्या कलण्यामुळे काठोकाठ भरलेली गाडीसुद्धा रिकामी वाटू शकते.

म्हणून पहिली अट ही की जागा सपाट हवी आणि गाडी डबल स्टँडवर सरळ उभी हवी. अंगणात उतार असेल तर पेट्रोल पंपावरची हवा भरण्याची जागा किंवा सोसायटीचे पार्किंग शोधावे, पण उतारावर अंदाजाने वाचू नये. दुसरी अट तापमानाची. गाडी नुकतीच बंद केलेली असेल, तर बरेचसे ऑइल अजून हेडमध्ये आणि क्लचच्या झाकणात अडकलेले असते आणि काडीवर पातळी कमी दिसते. उलट रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीत सगळे ऑइल खाली उतरलेले असते, पण ते आकसलेलेही असते. साठ अंशांच्या फरकाने एक लिटर ऑइलाच्या आकारमानात साधारण ४० मिलीचा फरक पडतो. या दोन्ही टोकांच्या मधली स्थिती गाठण्यासाठी हिरो आणि होंडाच्या लहान गाड्यांना लागू पडणारी पद्धत अशी: इंजिन तीन ते पाच मिनिटे संथ चालवावे, बंद करावे, आणि दोन-तीन मिनिटे थांबून मग काडी काढावी. सायलेन्सर उजव्याच बाजूला असतो आणि तो तापलेला असतो, तेव्हा मनगट जपावे.

काडी काढण्याआधी तिच्या टोपणाभोवतीची माती फडक्याने पुसून घ्यावी, कारण तिथला एकेक कण आत पडला तर तो गिअरमध्येच जातो. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर जे ऑइल दिसते ते शिंतोड्यांचे असते, त्यावरून काहीही ठरवू नये. धागे न सोडणाऱ्या सुती फडक्याने काडी कोरडी करावी, पुन्हा आत घालावी आणि बाहेर काढून मग वाचावी.

इथे दुसरी मोठी चूक दडलेली आहे. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत काडी परत घालताना तिचे टोपण आट्यांत फिरवायचे नसते, नुसते छिद्राच्या तोंडावर टेकवायचे असते. काडीवरच्या खुणा त्या स्थितीसाठीच आखलेल्या असतात. टोपण पूर्ण फिरवून घट्ट केले, तर आट्यांची जेवढी उंची तेवढी काडी आणखी खाली ऑइलात बुडते आणि पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. ऑइल खालच्या खुणेपाशी असतानाही ते भरपूर आहे, असे समाधान त्यातून मिळते. साइड स्टँडची चूक ऑइल कमी दाखवते आणि टोपण फिरवण्याची चूक जास्त दाखवते. दोन्ही एकाच वेळी झाल्या, तर मिळालेल्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. काही कंपन्यांच्या गाड्यांत मात्र टोपण फिरवूनच मोजायचे असते, त्यामुळे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतले ते एक पान वाचणे अनिवार्य आहे.

नवे ऑइल इतके नितळ असते की काडीवर ते दिसतही नाही. काडी आडवी धरून उजेडाकडे कलती करावी, म्हणजे ओली आणि कोरडी बाजू यांमधली सीमा चमकते. दोन्ही बाजूंना सीमा वेगवेगळी दिसली तर खालची खरी मानावी, कारण वरची बहुधा छिद्राच्या कडेला घासून आलेली असते. ती रेषा दोन खुणांच्या मध्ये कुठेही असेल तर ऑइल ठीक आहे, वरच्या खुणेपर्यंत भरलेच पाहिजे असे नाही. मी स्वतः ती वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवतो, म्हणजे मोजण्यात थोडी गफलत झाली तरी ऑइल जास्त होण्याकडे जात नाही.

काही गाड्यांना काडीऐवजी इंजिनाच्या बाजूला गोल काचेची खिडकी असते. रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसीच्या गाड्या हे त्याचे ओळखीचे उदाहरण. तिथे पुसापुशी नाही, पण सरळ उभे राहण्याची अट तशीच आहे, आणि आजकाल अनेक गाड्या डबल स्टँडशिवायच येतात. अशा वेळी एकाने गाडीवर बसून ती दोन्ही पायांवर सरळ तोलावी आणि दुसऱ्याने खाली बसून काचेच्या समोर डोळा आणून पाहावे. एकटे असाल तर मोबाइल काचेसमोर विटेला टेकवून व्हिडिओ सुरू करावा, गाडी सरळ करावी आणि मग ते चित्रण पाहावे. काच आतून काळवंडली असेल, तर गाडी हलकेच डावी-उजवीकडे डोलवल्यावर ऑइलाची रेषा सरकताना दिसते.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा प्रकार मात्र निराळा आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे अनेकांनी विनाकारण ऑइल ओतले आहे. त्या इंजिनात ऑइलाचा साठा क्रँकच्या कप्प्यात नसून त्याच आवरणातल्या वेगळ्या कप्प्यात असतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली, की ऑइल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरते. साठ्याच्या कप्प्यातली काडी पाहिली तर ऑइल संपल्यासारखे वाटते, पण ते इंजिनातच असते. गाडी काही मिनिटे चालवली की पंप ते परत साठ्यात आणतो. या गाडीत आधी इंजिन चालवणे आणि मग मोजणे, हा क्रम कधीही उलटा करू नये.

आता ऑइल खरोखरच कमी निघाले, असे समजू. आत जे आहे तेच वर घालावे, म्हणजे तोच ग्रेड आणि शक्यतो तीच कंपनी. डब्यावरच्या १०डब्ल्यू-३० सारख्या आकड्यांत पहिला भाग थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि दुसरा भाग १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते ते सांगतो. गाडी जुनी झाली म्हणून आपल्या मनाने २०डब्ल्यू-५० घालणे योग्य नाही, कारण ज्या बारीक वाटांतून ऑइल हेडपर्यंत जाते त्या वाटा तेवढ्याच राहिलेल्या असतात. डब्यावर आणखी एक शिक्का पाहणे आवश्यक आहे, तो म्हणजे जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२. मोटारसायकलचा क्लच याच ऑइलात बुडालेला असतो. चारचाकीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी जी रसायने असतात, त्यांमुळे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात: इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. जासो एमबी हा शिक्का ॲक्टिव्हासारख्या स्कूटरच्या ऑइलवर असतो, जिचा क्लच कोरडा असतो. घरात दोन्ही वाहने असतील तर डब्यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

भरताना थेट डब्यातून ओतू नये. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे किंवा बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखे मिलीच्या खुणा असलेले एखादे जुने भांडे खास यासाठी राखून ठेवावे, एका वेळी ५० मिली मोजून घ्यावे आणि स्वच्छ नरसाळ्याने सावकाश सोडावे. मग टोपण लावून इंजिन एखादे मिनिट चालवावे, पुन्हा दोन-तीन मिनिटे थांबावे आणि पुन्हा काडी पाहावी. हे कंटाळवाणे आहे, पण दोन खेपांनंतर आपल्या गाडीत ५० मिलीने रेषा किती चढते याचा नेमका अंदाज येतो, आणि तो पुढे गाडी असेपर्यंत उपयोगी पडतो.

जास्त झालेले ऑइल काढण्यासाठी खालचा ड्रेनचा नट सैल करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो टाळतो. तापलेले ऑइल वेगाने येते, हवे तेवढ्यावर थांबवता येत नाही, आणि नट वाकडा बसवून जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. ते दुरुस्त करण्याचा खर्च ऑइलाच्या कितीतरी पट असतो. त्यापेक्षा मेडिकलच्या दुकानातून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणावी, नळी काडीच्या छिद्रातून आत सोडावी आणि कोमट झालेले ऑइल ओढून घ्यावे. नळीचे टोक आत तुटून राहणार नाही इतकी ती नवी आणि लवचिक हवी, आणि आत घातलेली तेवढीच लांबी बाहेर आली आहे याची खात्री करावी.

पातळी एकदा बरोबर केली की काम संपले असे नाही, कारण ती बदलते कशी यावरून इंजिनाची तब्येत कळते. थोडे ऑइल प्रत्येक इंजिन खाते. किलोमीटरचा आकडा, तारीख आणि किती मिली घातले, एवढे तीन आकडे सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवले, तर खाण्याचे प्रमाण वाढले आहे का ते दोन-तीन नोंदींत दिसते. वाढले असेल तर आधी खाली पाहावे, गाडी उभी राहते तिथे फरशीवर डाग पडतो का. डाग नसेल तर धुराकडे लक्ष द्यावे. सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एकच लोट येऊन नंतर थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात आणि रात्रभर ऑइल त्यांतून खाली ठिबकलेले असते. ॲक्सिलरेटर पिळल्यावर, विशेषतः चढावर, धूर येत राहिला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर घ्यावा. पहिले काम तुलनेने कमी खर्चाचे आहे. दुसऱ्यात इंजिन खोलावे लागते, आणि उशीर केला तर नुसत्या रिंगांवर भागत नाही, बोअरही करावा लागतो, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करावा लागतो. थंडीत सुरुवातीला दिसणारा आणि लगेच विरणारा पांढरा धूर मात्र पाण्याच्या वाफेचा असतो, त्याने घाबरू नये.

काही न घालता पातळी वाढलेली दिसली, तर ते कमी होण्यापेक्षा गंभीर मानावे. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात दुसरे काही तरी मिसळलेले असते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल आणि पेट्रोलचा कॉक चालूच राहिला असेल, तर पेट्रोल सिलिंडरमधून झिरपून चेंबरमध्ये उतरते. काडी नाकाशी धरली की वास स्पष्ट येतो आणि ऑइल बोटांत चोळल्यावर पाण्यासारखे पातळ लागते. अशी गाडी अजिबात सुरू करू नये. कार्ब्युरेटर दुरुस्त करून सगळे ऑइल बदलावे.

दुसरी शक्यता पाण्याची. २०१९ च्या पुरात कोल्हापूर आणि सांगलीत कितीतरी दुचाकी दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. पुरातून निघालेल्या गाडीला पहिली किक मारण्याआधी काडी पाहिली पाहिजे. पातळी वाढली असेल किंवा ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे झाले असेल, तर पाणी आत गेले आहे हे नक्की. गाडी सुरू केली नसेल, तर पाणी जड असल्यामुळे चेंबरच्या तळाशी वेगळे राहिलेले असते आणि ड्रेनचा नट काढताच आधी तेच बाहेर येते. एकदा इंजिन फिरवले, की पाणी आणि ऑइल घुसळून एकजीव होतात, सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोहोचतात आणि मग दोन-तीन वेळा नवे ऑइल भरून काढून टाकल्याशिवाय इंजिन स्वच्छ होत नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या टोपणाला हिवाळ्यात आतून जो पांढरट थर दिसतो, तो मात्र साठलेल्या दमटपणाचा असतो. काडीवरचे ऑइल स्वच्छ असेल तर एकदा अर्धा तास गाडी चालवल्यावर तो नाहीसा होतो.

काढलेले ऑइल, मग ते सिरिंजभर असो की लिटरभर, झाडाच्या मुळाशी, गटारात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. आपल्या देशाच्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे, आणि त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ते साठवावे, बाटलीवर जाड अक्षरांत तसे लिहावे आणि पुनर्वापरासाठी ऑइल पिंपात जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये पुढच्या सर्व्हिसच्या वेळी नेऊन द्यावे. उरलेल्या नव्या ऑइलाचा डबाही झाकण घट्ट लावून, उभा आणि पावसाळी दमटपणापासून दूर ठेवावा, आणि त्यावर तो कधी उघडला ती तारीख पेनने लिहावी.